खिचडी इकडं, शिक्षण तिकडं?

सकाळचे पावणेआठ. वारंगा फाट्यावर ऊन अजून तिरपं असतं, पण फाटा कधीचाच जागा झालेला असतो. नांदेडहून आलेली एसटी, हिंगोलीकडं जाणाऱ्या जीपवाल्यांची ओरड, हदगावच्या बाजूनं आलेले मालट्रक, चहाच्या टपऱ्या आणि जिच्यासाठी लोक इथं मुद्दाम गाडी थांबवतात त्या खिचडीची वाफाळती पातेली. या सगळ्या गोंधळात रस्त्याच्या कडेला एक रांग उभी असते. आयांची रांग. कुणाच्या डोक्यावर पदर, कुणाच्या अंगात घाईघाईत चढवलेला गाऊन आणि वरून ओढणी. प्रत्येकीच्या हाताला एक लेकरू, आणि लेकराच्या पाठीवर त्याच्याहून मोठं दप्तर. वाट बघायची ती पिवळ्या व्हॅनची.

मी एसटीची वाट बघत उभी होते. शेजारच्या बाईच्या खांद्यावर एक पोरगं गाढ झोपलेलं. बूट, मोजे, टाय, खिशाला पिन लावून अडकवलेला रुमाल, सगळं जागच्या जागी. फक्त पोरगं जागं नव्हतं.

"किती वर्षांचा?" मी विचारलं.

"तीन व्हायचेत अजून. दिवाळीला होतील."

"मग एवढ्या लवकर कशाला?"

"नंतर ॲडमिशन भेटत नाही म्हणायलेत ताई. आणि जावेचं लेकरू जायलंय. मग आपलंच घरी काहून ठेवावं?" तिनं माझ्याकडं जरा रागानंच बघितलं. मग स्वतःहून म्हणाली, "एबीसीडी पूर्ण येती त्याला. झेडपर्यंत."

तेवढ्यात व्हॅन आली. पोरगं तिच्या खांद्यावरून थेट व्हॅनच्या सीटवर गेलं आणि तिथं जागं झालं. मग जे रडू लागलं ते व्हॅन वळून दिसेनाशी होईपर्यंत ऐकू येत होतं. आई पदरानं डोळे पुसत उभी. बाकीच्या आया तिला समजावत होत्या, "पहिले आठ दिवस रडतंय गं, मग होती सवय."

सवय होते हे खरंच. पण कशाची होते, ते विचारायला त्या रांगेत कुणाला वेळ नव्हता. मलाही नव्हता. माझी एसटी आली होती, पण का कोण जाणे, मी ती सोडली.

फाट्यापासून थोडं आत एका वस्तीवर अंगणवाडी आहे. दहाच्या सुमारास तिथं गेले. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, भिंतीवर रंग उडालेला मोर आणि फळांची चित्रं. सेविकाताई एका बाळाला वजनकाट्यात ठेवत होत्या, एका हातात मोबाइल. त्यात वजन भरायचं होतं आणि नेटवर्क येत-जात होतं. मदतनीस मावशी चुलीपाशी. सात-आठ मुलं सतरंजीवर. त्यांच्यासमोर चिंचोक्यांचा ढीग. एक चारेक वर्षांची मुलगी मोठे चिंचोके एकीकडं, छोटे एकीकडं करत होती, आणि मधले आले की थांबत होती. थोडा विचार करून तिनं तिसरा ढीग केला. कुणी सांगितलं नव्हतं.

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"हे मोठेबी न्हाईत, लहानबी न्हाईत. हे ताईएवढे हायेत," ती म्हणाली. तिची ताई म्हणजे सात वर्षांची बहीण, हे नंतर कळलं.

मैत्रिणींनो, मोठ्या माणसांच्या भाषेत याला वर्गीकरण म्हणतात. गणिताची पहिली पायरी तीच. आणि ती फुकटच्या चिंचोक्यांवर चढली जात होती. मी सेविकाताईंना तसं म्हणाले, तर त्या हसल्या. हसणं जरा कडवटच होतं.

"तुम्हाला दिसतंय ताई. गावाला कुठं दिसतंय? साडेअकराला बघा, डबे घेऊन येतात लेकरं. खिचडी घ्यायची अन् जायची. आमचं म्हणजे खिचडी इकडं, शिक्षण तिकडं." हात फाट्याच्या दिशेला.

त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून आज या सदरात त्याच्यावरच लिहायचं ठरवलं. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांचं शिक्षण म्हणजे नेमकं काय? ते फक्त आपल्या गावाचंच कोडं आहे, की जगभरातल्या आयांना ते पडलेलं आहे?

अंगणवाडी हा शब्द आपल्याला सरकारी वाटतो. रेशनकार्ड, तलाठी, अंगणवाडी, एका ओळीत बसणारा. पण तो जन्मला एका वस्तीच्या अंगणात, आणि त्याला जन्म देणाऱ्या दोन बायका होत्या.

ताराबाई मोडक १८९२ मध्ये मुंबईत जन्मल्या. पदवीधर झाल्या, राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. तिथं त्यांना मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीबद्दल वाचायला मिळालं आणि भावनगरला गिजुभाई बधेका मुलांसाठी बालमंदिर चालवतात हे कळलं. चांगली नोकरी सोडून त्या गिजुभाईंकडं गेल्या. हे १९२३ सालचं. पुढं १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, 'शिक्षणपत्रिका' निघाली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. सगळं छान चाललं होतं. पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. हे बालशिक्षण शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांपुरतंच राहिलं होतं. खेड्यातल्या, गरिबाच्या मुलाचं काय?

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात गेल्या. आपल्याकडं त्रेपन्नाव्या वर्षी बाई सुनेच्या हाती स्वयंपाकघर देऊन टेकते. या बाईनं तेव्हा नवा संसार मांडला. तिथं त्यांना साथीदार मिळाल्या अनुताई वाघ. अनुताईंची कहाणी तर आपल्या आजीची वाटावी अशी. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्यातून शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ताराबाईंच्या मागं बोर्डीला आल्या त्या कायमच्याच.

बोर्डीत बालवाडी काढली. गावातली बरी मुलं आली, दलित वस्तीतली येईनात. का येत नाहीत, म्हणून या दोघी बघायला गेल्या. आई कामावर, आणि घरी पाच-सहा वर्षांचं मूल त्याहून लहान भावंडाला कडेवर घेऊन बसलेलं. ते शाळेत येणार कसं? मग ताराबाईंनी ठरवलं, मुलं येत नाहीत ना, मग शाळा त्यांच्याकडं न्यायची. वस्तीतल्या एखाद्या अंगणात जायचं, गाणी म्हणायची, मुलं गोळा करायची, त्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गोष्ट, मग खेळ. अंगणात भरणारी वाडी म्हणून अंगणवाडी. एवढीच त्या नावाची व्युत्पत्ती.

माँटेसरींची शैक्षणिक साधनं महाग, ती खेड्यात कुठून आणणार? यांनी समुद्रावरचे शिंपले घेतले, खडे घेतले, बिया, पानं, बांबूचे तुकडे. सेविकाताईंच्या सतरंजीवर मी पाहिलेले चिंचोके त्याच घराण्यातले.

पुढं १९५७ च्या सुमारास हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली आदिवासींची वस्ती. तिथली अडचण आणखी वेगळी. मोठी मुलं गुरं चारायला जात, लहान मुलं त्यांच्याबरोबर. तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवून विकासवाडी केली. म्हणजे मोठी बहीण शाळेत बसली तरी धाकटं भावंड शेजारीच. आणि जी मुलं गुरांमागून येऊच शकत नव्हती त्यांच्यासाठी कुरणशाळा! शिक्षकच कुरणात जाणार. मला तर हे वाचताना दरवेळी वाटतं की या बायकांना 'मुलं येत नाहीत' हे वाक्य तक्रार म्हणून म्हणताच येत नसावं.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाला, १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत चालवलं. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव लागलं. या योजनेत सहा कामं होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, आईला आहार-आरोग्याची माहिती, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. कुपोषण समोर आ वासून उभं असताना आहार पुढं आला, त्यात चूक काही नाही. उपाशी पोराला गोष्ट सांगून काय होणार? पण हळूहळू नावातलं अंगण राहिलं, गाणं मागं पडलं. आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेत पिवळी व्हॅन घुसली.

आता जरा दूर जाऊ या. १९४५ हेच साल, पण देश इटली. महायुद्ध नुकतंच संपलेलं. रेज्जो एमिलिया या शहराजवळ व्हिला चेल्ला नावाचं एक खेडं. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं मागं टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे गावकऱ्यांच्या हाती लागले. ते विकून आलेल्या पैशाचं काय करायचं? गावानं ठरवलं, लहान मुलांची शाळा बांधायची. बॉम्बनं पडलेल्या घरांच्या विटा काढून आणल्या, नदीतली वाळू आणली आणि गावातल्या बायाबापड्यांनी सुट्टीच्या दिवशी बांधकाम केलं. लोरिस मालागुझ्झी नावाचा पंचविशीचा शिक्षक ही बातमी ऐकून सायकल मारत बघायला आला आणि आयुष्यभरासाठी तिथलाच झाला. त्यातून जी शिक्षणपद्धत उभी राहिली ती बघायला आज जगभरातून शिक्षक रेज्जो एमिलियाला जातात. १९९१ मध्ये 'न्यूजवीक'नं तिथल्या एका बालशाळेला जगातल्या उत्तम शाळांमध्ये बसवलं. तिथं मुलांना ठरावीक धडा नसतो. पावसाच्या डबक्यात आपलं तोंड दिसलं, तर चार दिवस डबकं हाच धडा. मुलं चित्र काढून, मातीत घडवून, नाचून, बोलून जे सांगतात ते बाई लिहून ठेवते.

गंमत बघा, इटलीतल्या आया विटा वाहत होत्या त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्डीत ताराबाई शिंपले गोळा करत होत्या. एकमेकींना ओळखत नव्हत्या. आपला मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राजवटीत, मोठ्यांच्या शाळेचाच पत्ता नव्हता, बालवाडीचं काय घेऊन बसलात!

ज्या माँटेसरीचं नाव आज आपल्या तालुक्याच्या गावातसुद्धा इंग्रजी शाळेच्या पाटीवर दिसतं, त्या माँटेसरीबाईंची पहिली शाळाही अशीच. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी 'मुलांचं घर' सुरू केलं. आईबाप कामावर गेल्यावर दिवसभर उंडारणारी मजुरांची मुलं तिथं येत. बाई स्वतः डॉक्टर. १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळं इटलीच्या नागरिक म्हणून इथंच अडकल्या, १९४६ पर्यंत राहिल्या. या काळात त्यांनी इथल्या शिक्षकांना शिकवलं. म्हणजे जी पद्धत मजुराच्या पोरासाठी जन्मली, ती आपल्याकडं येऊन फी भरणाऱ्याची झाली. असं आपल्याकडं बऱ्याच गोष्टींचं होतं म्हणा.

अमेरिकेत मिशिगन राज्यात इप्सिलांटी नावाचं गाव आहे. तिथं १९६२ पासून एक वेगळाच प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं घेतली. त्यांतल्या ५८ जणांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी चांगली बालशाळा मिळाली, ६५ जणांना मिळाली नाही. बालशाळा रोज अडीच तासांची. शिवाय शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जायची, आईबरोबर दीड तास बसायची. पुढं या सगळ्यांचा माग ठेवला गेला, तोही ती मुलं चाळीस वर्षांची होईपर्यंत आणि त्यानंतरही. सुरुवातीला बुद्ध्यांकात फरक पडला होता, पण तो काही वर्षांत विरून गेला. सगळ्यांना वाटलं, प्रयोग फसला. पण मुलं मोठी झाली तसा खरा फरक दिसू लागला. बालशाळेत गेलेल्यांपैकी ७७ टक्के माध्यमिक शिक्षण पुरं करू शकले, न गेलेल्यांपैकी ६०. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले, गेलेल्यांत ३६ टक्के आणि न गेलेल्यांत ५५. गेलेल्यांच्या नोकऱ्या आणि कमाईही बरी होती. जेम्स हेकमन या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञानं हेच आकडे पुन्हा तपासले आणि लहानपणी घातलेला पैसा सगळ्यात जास्त फेडतो असं मांडलं.

या शाळेत शिकवलं काय? एबीसीडी घोटून घेतली नाही. मुलांनी सकाळी ठरवायचं, आज मी काय करणार. मग ते करायचं. मग बसून सांगायचं, काय केलं. बास. ठरव, कर, सांग. चिंचोक्याच्या तिसऱ्या ढिगाची गोष्ट आठवली ना?

फिनलंडमध्ये मूल सात वर्षांचं होईल त्या वर्षी शाळेत जातं. त्याआधी एक वर्ष पूर्वतयारीचं, ते २०१५ पासून सक्तीचं झालं, पण तेही बरंचसं खेळण्याचंच, आणि थंडी असली तरी मुलं बाहेर. तीच मुलं पुढं वाचनात मागं पडत नाहीत, हे जगानं पाहिलंय. याउलट फ्रान्सनं २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासूनच बालशाळा सक्तीची केली. म्हणजे वयाबद्दल जगाचं एकमत नाही. पण त्या वयात काय करायचं यावर बऱ्यापैकी आहे. आपल्यासारखीच अभ्यासाची हाव असलेल्या चीनमध्येही १ जून २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानं बालवाडीत पहिलीचा अभ्यास शिकवायला बंदी घातली. कायदा करावा लागला म्हणजे तिथल्या आयाही आपल्यासारख्याच रांगेत उभ्या असणार.

आता माझं सांगते. माझी मोठी साडेतीन वर्षांची असताना मी तिचा हात धरून 'अ' गिरवून घेतला होता. शेजारणीच्या मुलाला येत होता ना! पाटीवर पेन्सिल दाबून दाबून तिची बोटं लाल व्हायची. महिनाभरात 'अ' आला. आणि पाटी दिसली की ती पलंगाखाली जाऊन बसायला लागली. मला वाटलं, नाटक करते. दोन फटकेही दिले. पुढं कितीतरी वर्षांनी एका बालरोगतज्ज्ञांनी बोलता बोलता सांगितलं, की त्या वयात मनगटातली छोटी हाडं पुरती तयारच झालेली नसतात, बोटांच्या स्नायूंत ताकद नसते. कणीक मळू द्या, मणी ओवू द्या, कागद फाडू द्या, पेन्सिल नंतर आपोआप येते. मी घरी येऊन मुलीला विचारलं, तुला आठवतं का गं? ती आता कॉलेजात आहे. म्हणाली, "पलंगाखाली कोळ्याचं जाळं होतं ते आठवतं." त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

म्हणून फाट्यावरच्या त्या आईला मी काही शिकवण्याच्या भानगडीत पडले नाही. ती मूर्ख नाही. तिला दिसतंय की इंग्रजी येणाऱ्याला नांदेडच्या मोठ्या क्लासात जागा मिळते, पुण्यात नोकरी मिळते. शेतीचं काय झालंय ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण भाषेचं गणित आपण उलटं मांडतो एवढंच मला म्हणायचंय. लेकरू आधी आईच्या भाषेत प्रश्न विचारायला शिकतं, आणि त्या भाषेत पक्कं झालं की दुसरी भाषा चढते. कळमनुरी तालुक्यात तांडे आहेत. तिथल्या लेकराच्या घरात गोरमाटी. अंगणवाडीत गेलं की मराठी. आणि व्हॅनमध्ये बसलं की थेट इंग्रजी. तिसऱ्या वर्षी तीन भाषांच्या मध्ये ते लेकरू गप्प बसतं, आणि बाई म्हणतात, शांत आहे, त्रास देत नाही!

सेविकाताईंनी मला एक असंच लेकरू दाखवलं. व्हॅनच्या शाळेतून काढून परत आणलेलं, कारण फी थकली. आलं तेव्हा महिनाभर तोंडातून शब्द नाही. ताईंनी तांड्यावरच्या एका आजीला बोलावून घेतलं. आजीनं गोरमाटीत गाणं म्हटलं. लेकरानं मान वर केली. दुसऱ्या दिवशी ते आजीच्या मांडीवर बसलं आणि बोलायला लागलं. "आता बघा, गप बस म्हणावं लागतंय," ताई म्हणाल्या. त्या वेळी मात्र त्या कडवट हसल्या नाहीत.

कायद्याचं सांगायचं तर १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहाचं मूल त्यात बसत नाही. त्यांच्यासाठी राज्यांनी व्यवस्था करावी, एवढंच त्यात म्हटलंय. प्रा. यशपाल समितीनं तर १९९३ मध्येच सांगितलं होतं, की नर्सरीच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती बंद करा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा एक सलग टप्पा धरला, आणि मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते असं लिहिलं. अंगणवाडीतल्या मुलांसाठी राज्यात 'आकार' हा अभ्यासक्रम आहे. कागद चांगला आहे. मी वाचलाय.

पण तो कागद ज्यांच्या हातात आहे त्या ताईंकडं बघा. गरोदर बाईची नोंद, बाळाचं वजन, लसीकरणाचा दिवस, घरी न्यायच्या आहाराचं वाटप, सर्वेक्षण, रजिस्टर, वर मोबाइलमधलं पोषण ट्रॅकर. त्यातून उरलेल्या वेळात शिक्षण. आणि या सगळ्याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. ग्रॅच्युइटीचा हक्क यांना आहे हे सांगायला २०२२ साल उजाडलं, तेही सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो संप जानेवारीत मिटेपर्यंत पन्नासवर दिवस झाले होते. त्या दिवसांत किती घरांत चर्चा झाली? खिचडी बंद झाली तेवढी कळली. गोष्ट बंद झाली हे कुणाला जाणवलं का?

आणखी एक गोष्ट या भागात विसरून चालत नाही. दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. लेकरू टोळीबरोबर फडावर. त्याचं नाव इथल्या रजिस्टरला, आणि ते तिकडं पाचटात. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायकांची मुलं धुळीत पडलेली बघितली आणि तिथंच तंबू ठोकून पाळणाघर सुरू केलं. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था झाली. ताराबाईंची कुरणशाळा आणि हे एकच. फडावर असं काही सगळीकडं उभं राहिलं, तर किती आयांचा जीव खाली पडेल!

आपण काय करायचं, असं तुम्ही विचाराल. मी काही शाळेतून नाव काढा असं म्हणणार नाही. पण नाव घालण्याआधी शाळेत जाऊन एक तास बसा. मुलं बोलतात का बघा, की फक्त बाईच बोलतात? खाली मातीत खेळायला जागा आहे का? तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ देतात का? देत असतील तर कशाला, असं विचारा. विचारायला लाजू नका, फी आपण भरतो. अंगणवाडीतही जाऊन बसा. महिन्यातून एक सकाळ. तुमच्या सासूबाईंना ओव्या येत असतील तर त्यांना न्या. शेतातून हळकुंडं, तुरीचे दाणे, बांगड्यांचे तुकडे नको पण अख्ख्या जुन्या बांगड्या चालतील, ते न्या. आणि घरी स्वयंपाक करताना लेकरू पायात घोटाळत असेल, तर त्याच्या हाती मोबाइल देण्याऐवजी मटारच्या शेंगा द्या. दाणे मोजायला सांगू नका. तो खाईल निम्मे. खाऊ द्या.

त्या दिवशी परत फाट्यावर आले तेव्हा एक वाजून गेला होता. व्हॅन आली. सकाळचं ते पोरगं उतरलं. टाय एका खांद्यावर, एक मोजा गायब. आई धावत गेली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "आज काय शिकवलं?"

पोरगं काही बोललं नाही. रस्त्याच्या पलीकडं एक ट्रक पंक्चर होऊन उभा होता, ड्रायव्हर चाक काढत होता. ते बघत राहिलं. आईनं दोनदा हात ओढला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं, त्याला कडेवर घेतलं आणि रस्ता ओलांडून ट्रकजवळ जाऊन उभी राहिली.

"आई, ते चाक एवढं मोठं काहून हाय?" तो विचारत होता.

तिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मध्ये हिंगोलीची एसटी आली.